खुर्ची कुठं आहे?

वर्षातून दोनदा मला एक वाक्य ऐकावं लागतं. एकदा २४ ऑक्टोबरला, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या जन्मदिवशी, आणि एकदा २६ जानेवारीला, ते गेले त्या तारखेला. कुणीतरी जुनं कात्रण काढतं, सगळे मनापासून हसतात आणि मग एकजण सुस्कारा सोडतो, "काय माणूस होता! दुसरा लक्ष्मण काही झाला नाही."

यंदा मी गप्प बसणार नाही. हे वाक्य चूक आहे, आणि म्हणणाऱ्याच्या सोयीचं आहे. दोष नशिबाच्या माथी मारला की आपण सुटलो. दुसरा लक्ष्मण उद्या सकाळी एखाद्या वृत्तपत्राच्या दारात येऊन उभा राहिला, तर त्याला बसायला सांगायचं कुठं? खुर्ची कुठं आहे?

खुर्ची हा शब्द मी शब्दशः वापरतोय. एक लाकडी खुर्ची, उतरतं टेबल, शाईची दौत, महिन्याच्या महिन्याला पगार आणि उद्याच्या अंकात राखून ठेवलेला एक चौकोन. संपादकीय व्यंगचित्रकाराचं आयुष्य या गोष्टींवर उभं असतं. प्रतिभा लागतेच, पण तिला रोज सकाळी येऊन बसायला जागा लागते.

*

लक्ष्मण यांचंच बघा. जन्म म्हैसूरचा, १९२१चा. वडील मुख्याध्यापक, घरात भावंडांची रांग, त्यात हा शेंडेफळ. घरी 'पंच', 'स्ट्रँड', 'बायस्टँडर' अशी इंग्रजी मासिकं यायची. अक्षरओळख व्हायच्या आधीपासून हा मुलगा ती चित्रांसाठी चाळायचा आणि मग जमिनीवर, भिंतींवर, दारांवर स्वतःची चित्रं काढायचा. शाळेत एकदा मास्तरांनी पान काढायला सांगितलं. यानं पिंपळाचं पान काढलं आणि मास्तरांनी शाबासकी दिली. आपण चित्रकार आहोत ही खूणगाठ त्या दिवशी बांधली गेली, असं लक्ष्मण यांनीच आत्मचरित्रात सांगितलंय.

ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांची चित्रं तेव्हा 'द हिंदू'त छापून यायची. त्यांची इंग्रजी सही या पोराला कित्येक दिवस 'काऊ' अशी वाटायची. नाव चुकीचं वाचलं, पण रेघ बरोबर वाचली.

आणि कावळे. लहानपणी अंगणात दिसलेला कावळा त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडला नाही. राजकीय चित्रांतून सवड मिळाली की कावळे काढायचे. ज्या पक्ष्याला आपण हाकलतो, त्याच्याकडे हा माणूस सत्तर-ऐंशी वर्षं प्रेमानं बघत राहिला. त्यांच्या चित्रांतला कॉमन मॅन कुठून आला असेल याचा विचार करताना मला दर वेळी हे कावळे आठवतात.

थोरले बंधू म्हणजे कादंबरीकार आर. के. नारायण. 'हिंदू'त येणाऱ्या त्यांच्या कथांना चित्रं काढायचं काम धाकट्या भावाकडे आलं, तेव्हा तो अजून शिकत होता. म्हणजे अगदी कोवळ्या वयात त्याच्या रेघेला छापील जागा मिळाली होती. हे लक्षात ठेवा.

*

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनं लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला, ही गोष्ट आपण फार चवीनं सांगतो. आमच्या संस्थेत घेण्याजोगं काही या चित्रांत नाही, अशा अर्थाचं पत्र आलं होतं. कथा सांगून होते, श्रोते टाळ्या वाजवतात आणि पुढचा भाग कुणी ऐकतच नाही.

पुढचा भागच महत्त्वाचा आहे. एक दार बंद झालं तेव्हा शेजारी किती दारं उघडी होती ते मोजा. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात पदवी घेता आली. 'कोरवंजी' नावाचं कन्नड विनोदी मासिक होतं, त्यात चित्रं छापून आली. मद्रासला जेमिनी स्टुडिओत सुट्टीतलं काम मिळालं. 'स्वराज्य' होतं, मुंबईत 'ब्लिट्झ' होतं आणि मग 'फ्री प्रेस जर्नल'. कलाशाळेनं नाकारलेल्या तरुणाला छापखान्यांनी सांभाळून घेतलं. आज कुठलीही कलाशाळा त्याला हसत प्रवेश देईल. छापखान्याकडची दारं मात्र चिणलेली आहेत.

'फ्री प्रेस'मध्ये लक्ष्मण यांच्या जोडीला आणखी एक तरुण व्यंगचित्रकार कामाला होता. बाळ ठाकरे. एका दैनिकानं दोन कुंचले पगारावर ठेवले होते, आणि दैनिक काही गडगंज श्रीमंत नव्हतं. ठाकऱ्यांनी पुढं तिथून बाहेर पडून १९६० साली 'मार्मिक' काढलं. त्यातून काय उभं राहिलं ते मराठी माणसाला सांगायला नको.

लक्ष्मण त्याच्या बरंच आधी उठले. कम्युनिस्टांची टिंगल करायची नाही, असं मालकांकडून आलं आणि ते निघाले. हा प्रसंग बाणेदारपणाचा म्हणून सांगतात, तो आहेच. पण बाणेदारपणाला पायाखाली जमीन लागते. १९४७च्या मुंबईत एक खुर्ची लाथाडून थोड्याच अंतरावर दुसरीकडे जाऊन विचारता येत होतं. ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त गेले. तिथं कलाविभागात वॉल्टर लँगहॅमर होते, नाझींच्या राज्यातून निसटून मुंबईला आलेले ऑस्ट्रियन चित्रकार. हुसेन, रझा, आरा यांच्या पाठीशी जो माणूस उभा राहिला तोच हा. लँगहॅमरनी या मद्रासी पोराची रेघ ओळखली. लक्ष्मण तिथं बसले ते पन्नास वर्षांहून अधिक काळ.

पन्नास वर्षं! एका जागी, एका कामावर. आकड्यावरून नजर अशी घसरू देऊ नका.

*

आता कॉमन मॅनकडे येतो, कारण खुर्चीनं माणसाला काय दिलं ते तिथं दिसतं.

'यू सेड इट' हे पहिल्या पानावरचं छोटं चित्र १९५१ साली सुरू झालं. लक्ष्मण यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. भारतीय माणूस काढायचा कसा? बंगाली वेगळा, पंजाबी वेगळा, तमिळ वेगळा, मराठी वेगळा. फेटा घालावा तर एक प्रांत, मुंडू नेसवावं तर दुसरा. सुरुवातीला ते चित्राच्या पार्श्वभूमीला सगळेच काढायचे. रोज संध्याकाळी वेळ संपत यायची, खालून पानाची घाई सुरू व्हायची आणि त्या घाईत एकेक जण चित्रातून गळत गेला. शेवटी एकच उरला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, मिशी, टकलाच्या कडेला थोडे पांढरे केस.

म्हणजे हा माणूस कुणी एका बैठकीत शोधून काढलेला नाही. तो रोजच्या कामात झिजून झिजून तयार झाला, नदीतल्या गोट्यासारखा. आठवड्याला एक चित्र असतं तर तो सापडला नसता. 'सुचलं की पाठवा' असं सांगितलं असतं तर मुळीच सापडला नसता.

आणि तो बोलत नाही. बायको बोलते, मंत्री बोलतात, अधिकारी, डॉक्टर, भिकारी, सगळे बोलतात. हा चष्म्यामागून बघतो. पूर आला, हा उभा आहे. मंत्रिमंडळ पडलं, हा उभा आहे. परदेशी पाहुणे आले, हा कोपऱ्यात उभा आहे. चंद्रावर माणूस पाठवायच्या दिवसांतलं ते चित्र अनेकांना आठवत असेल. शास्त्रज्ञांना अंतराळवीर म्हणून हाच पसंत पडतो, कारण अन्न, पाणी, हवा, निवारा यातलं काहीही नसताना तो जगू शकतो. माझ्या आजोबांनी ते कात्रण देवघराच्या फळीवर ठेवलं होतं. ते स्वतः गिरणीतून निवृत्त झालेले. इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता यायचं. चित्राखालची ओळ ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे आणि मग पुन्हा चित्राकडे बघत बसायचे.

लक्ष्मण यांच्या रेखाटनात एक गोष्ट आहे, ती कात्रण हातात घेऊन जरूर बघा. खोली. मंत्र्याच्या बंगल्याचा गालिचा, सरकारी कचेरीतलं फायलींचं कपाट, झोपडीवरचा फाटका पत्रा, मागं लटकणारी विजेची तार. सगळं कुंचल्यानं, चार फटकाऱ्यांत, पण जागच्या जागी. जो माणूस रोज शहर बघतो आणि रोज काढतो, त्याच्याच हाताला हे येतं. नेत्यांची नाकं तर आपल्या डोळ्यांसमोर वाढत गेली. इंदिरा गांधींचं नाक वर्षागणिक लांबत गेलं. वाचक ते नाक अंकामागून अंक वाढताना बघत होता आणि त्याला त्याचा अर्थ कळत होता. असा वाचक तयार व्हायलाही वर्षं लागतात.

*

मी वीसेक वर्षं डेस्कवर काढली. कुठं, ते सांगत नाही. आमच्याकडे एक व्यंगचित्रकार होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. सकाळी येऊन सगळी वर्तमानपत्रं वाचायचे. दुपारी कच्चं रेखाटन. चारच्या चहाला ते डेस्कवर आणून दाखवायचे आणि कुणालाही न विचारता स्वतःच फाडून टाकायचे. साडेसहाला दुसरं. सातला पान एक लावायला घेतलं की ते मागं येऊन उभे राहायचे, चित्र किती कॉलमात बसतंय ते बघायला.

मग एके दिवशी जाहिरात विभागातून फोन आला. पानावर जाहिरात मोठी आहे, आजच्या दिवस चित्र उचला. उचललं. पुढच्या आठवड्यात दोनदा उचललं. दिवाळीत तर अंकाला जाहिरातीचं जॅकेट आलं आणि पहिलं पान तिसऱ्यावर गेलं. चित्र आत सरकवलं. आतून मागं सरकवलं. वाचकांची पत्रं आली, फार नाही. मग कुणीतरी हिशेब मांडला की चित्राची जागा विकली तर एवढे रुपये, न विकली तर एवढा पगार. दोन्ही आकडे एकाच बाजूला लिहिले होते.

त्यांना काढलं नाही. चित्रामागे मानधन देऊ, घरून पाठवा, असं सांगितलं. त्यांच्या उतरत्या टेबलावर दुसऱ्या दिवशी प्रिंटर आला. त्या पानावर मीच होतो. चित्र माझ्याच हातांनी उचललं गेलं आणि त्या वेळी मी तोंडातून शब्द काढला नाही, हे मला आज लिहायलाच हवं.

त्या दिवसापासून मला कळलं की व्यंगचित्रकाराला संपवायला सेन्सॉर लागत नाही. आणीबाणीत सेन्सॉर होता. तरीही डिसेंबर १९७५मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचं चित्र छापलं गेलं. राष्ट्रपती आंघोळीच्या टबात बसलेत आणि दारातून आलेल्या वटहुकमावर सही करून देतायत. आजही त्या काळाबद्दल कुणी बोलायला लागलं की ते चित्र निघतंच. त्या चित्राला राखीव जागा होती आणि ते काढणाऱ्यामागे वर्तमानपत्र उभं होतं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

जागा नसली की काय होतं, तेही मुंबईनं पाहिलंय. सप्टेंबर २०१२मध्ये असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराला इथं राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्यांची चित्रं कुणाला भडक वाटली असतील, मलाही काही आवडली नव्हती. पण त्यांच्यामागे ना दैनिक होतं, ना संपादक, ना दैनिकाचा वकील. पोलीस आले तेव्हा दारात तो एकटा होता. राजद्रोहाचं कलम पुढं सरकारनं मागं घेतलं, २०१५ला मुंबई उच्च न्यायालयानंही असं कलम लावण्याबद्दल खडे बोल सुनावले. मधले दिवस त्या पोरानं काढले. खुर्ची असती तर समन्स आधी संपादकाच्या टेबलावर गेलं असतं.

बाहेरच्या देशांतही हेच चाललंय. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं एका चित्रावरून वाद झाल्यावर १ जुलै २०१९पासून आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली राजकीय व्यंगचित्रंच बंद करून टाकली. अमेरिकेत संपादकीय व्यंगचित्राला १९२२पासून स्वतंत्र पुलित्झर होतं. २०२२ला ते दुसऱ्या वर्गात विलीन झालं. शंभर वर्षांत आलं आणि गेलं.

*

आता स्मारकांबद्दल बोलतो, आणि इथं माझा राग आवरत नाही.

कॉमन मॅन टपाल तिकिटावर आला, १९८८ला. पुण्यात सिंबायोसिसमध्ये त्याचा पुतळा आहे. वरळीला समुद्राकाठी तो उभा आहे. एका विमान कंपनीनं त्याला स्वस्त तिकिटांसाठी घेतलं. बालेवाडीला लक्ष्मण यांच्या नावाचं संग्रहालय २०२२ला सुरू झालं, तिथं मी गेलोय. मूळ चित्रांसमोर उभं राहिलं की गळा दाटतो. पांढऱ्या रंगानं केलेल्या दुरुस्त्या त्यावर दिसतात. ही सगळी कामं चांगली आहेत. ज्यांनी केली त्यांचे आभार.

पण कॉमन मॅन ज्या पत्त्यावर राहायचा तो पत्ता पुसला जातोय, त्याचं काय? पहिल्या पानाचा तो कोपरा हेच त्याचं घर होतं. माणसाला घराबाहेर काढायचं आणि चौकात त्याचा पुतळा बसवायचा, हे मला पटत नाही. ज्या मोजक्या वृत्तपत्रांनी अजून ते घर राखलंय, त्यांनी मालकांना रोज तोंड दिलं असणार. त्यांचा अंक मी विकत घेतो, तुम्हीही घ्या. आणि ज्यांनी राखलं नाही, त्यांच्या संपादकांना पत्र लिहा. पत्र. नुसतं हळहळू नका. वाचकांची पत्रं 'फार नाही' आली, हे वाक्य मी वर लिहिलंय, ते पुन्हा वाचा.

लक्ष्मण यांनी खुर्चीत बसून बाकी किती केलं! गट्टू हा एशियन पेंट्सचा रंगाचा डबा घेतलेला मुलगा त्यांचा, १९५४चा. गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये नायक व्यंगचित्रकार आहे, पडद्यावर दिसणारी त्याची चित्रं त्यांची. दूरदर्शनवरच्या 'मालगुडी डेज'मधली रेखाटनं त्यांची. 'वागळे की दुनिया'तला तो कारकून वागळे त्यांच्याच जगातून आला, आणि आडनावानं आपला शेजारी झाला. १९८४ला मॅगसेसे मिळालं, २००५ला पद्मविभूषण. पण दर संध्याकाळी चित्र द्यायचं, हा नेम या सगळ्याच्या वर होता.

२००३ला त्यांना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. उजवा हात वाचला, आणि त्या हातानं ते पुन्हा काढायला लागले. पुण्यात असताना, वयाची ऐंशी उलटल्यावर. हात थरथरला तरी त्या चित्राची वाट बघणारं कुणीतरी होतं.

माझ्या त्या सहकाऱ्याचा उजवा हात अजून ठणठणीत आहे. परवा त्यांच्याकडे गेलो. साडेसहा वाजले होते. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोपऱ्यात शाई ठेवून काढत बसले होते, वहिनी पलीकडे भाजी निवडत होत्या. "पान सातला लागतं ना," ते मान वर न करता म्हणाले. शेजारी चित्रांची चळत होती, प्रत्येकाखाली तारीख. मी वरून मोजली. एकोणीस दिवसांची एकोणीस चित्रं होती, मध्ये एकही खाडा नव्हता. त्यातलं एकही कुठं छापलेलं नव्हतं.